‘ही आपली आई नाहीच’ असं लहानपणी कोणाला वाटलंय का?

ओटल्यावरची
काल लेकीने (वय ८) कोरलाइन बघितला, तो २००९ चा बाहुल्यांचा सिनेमा, डोळ्यांच्या जागी काळी बटणं असलेली दुसरी आई. मी म्हटलं बाहुल्याच आहेत, बघू दे, आणि गेले स्वयंपाकघरात. आज रविवार म्हणून पोहे केले, वरून शेव, जिरावण मसाला, डाळिंबाचे दाणे, सगळं साग्रसंगीत, आणि "ये गं राणी, गरम गरम खाऊन घे" म्हटलं तर बाईसाहेब दारातच थबकल्या. "तू आज एवढं गोड का बोलून राहिलीस?" घ्या! रोज ओरडते तेव्हा मी खरी आई, एक दिवस राणी म्हटलं तर हडळ.

हसले, पण मग एकदम आठवलं. धाकटा भाऊ झाला तेव्हा आई तीन महिने माहेरी ग्वाल्हेरला, मी शाळेमुळे इथे इंदूरला बाबा आणि आत्याजवळ. आई परत आली ती जाड झालेली, केस कमी झालेले, अंगाला धुरीचा आणि ओव्याचा वास, आणि मला सारखी जवळ घ्यायची. आधी एवढं कधी घ्यायची नाही हो! माझी खात्रीच पटली की ग्वाल्हेरवाल्यांनी बदलून पाठवलीय. आठ दिवस तिच्या हातचं खाल्लं नाही, आत्याने वाढलं तरच. मग एकदा माझ्या हातून दुधाचा पेला सांडला आणि तिने असा धपाटा घातला पाठीत की माझा जीव भांड्यात पडला. आली, आपलीच आली.
तुमचंही लिहा, गोष्टीतलं, घरातलं, काहीपण.

बाळ्या जेलरोड
धपाटा हेच आईचं आधार कार्ड 😂

मालवी मिरची
माझी पूतना. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, बघायला बाबांच्या खांद्यावर बसून जायचे, एका मिलच्या झांकीत ही भलीमोठी पूतना, मोटरवर मान हलायची, हसरा चेहरा, नथ, गजरा, आणि कुशीत बाळ. राक्षसीण झालेली पूतना नंतर यायची, तिची नाही वाटली भीती, त्या नथवालीचीच वाटली. आजी भागवतातलं सांगायची की यशोदा आणि रोहिणी दोघी तिथेच होत्या पण तिचं रूप बघून गप्प उभ्या राहिल्या. मी विचारायचे, अगं पण अडवलं का नाही? आजी म्हणायची, नटूनथटून आलेल्या बाईला कोण विचारतं, तू कोण म्हणून. आणि शेवटी तिला जाळलं तर धुराला अगरूचा वास, कृष्ण अंगावर प्यायला म्हणून आईची गती मिळाली! विष पाजायला आलेली, तरी. हे मला अजून पचलेलं नाही.

अर्धवट वाचक
ओटल्यावरची, सिनेमातला तो शेजारचा पोरगा वायबी पुस्तकात नाहीच. नील गेमनचं मूळ पुस्तक २००२ चं, त्यात पोरगी फार एकटी आहे, सोबतीला मांजर तेवढं, म्हणून जास्त टरकते. मला त्यात जेवणाचं फार आवडलं. खरा बाप पुस्तकात बघून काहीतरी विचित्र करतो, पोरगी तोंड वाकडं करते, आणि दुसरी आई तिला आवडेल तस्संच वाढते, म्हणजे जाळं आधी ताटातच मांडलेलं. आणि पोरीच्या डोळ्यांवर बटणं शिवायला ती धरून नाही बसवत, विचारते. कायमचं राहायचंय ना इथे, मग एवढं एकच कर. लाडाने मागितलं की नाही म्हणणारा पोरगाच वाईट ठरतो, हे आपल्या घरांत कोणाला माहीत नाही सांगा.

सुई दोरा
बटणांवरून, तो निळा बिस्किटांचा डबा प्रत्येकाच्या घरी होता न? बिस्किटं समजून उघडायचो, आत सुया-बटणं. खरी हॉरर तीच.

नुसता पाहुणा
माझं गोष्टीतलं नाही. बाबा पाहुण्यांसमोर मला मांडीवर घ्यायचे, स्वतःच्या ताटातली जिलेबी भरवायचे, लोक म्हणायचे काय माया आहे. दार लागलं की चेहरा बदलायचा. मी आणि ताई पाहुण्यांच्या चपला लपवायचो, म्हणजे शोधण्यात अर्धा तास जाईल. बस एवढंच, जास्त लिहिवत नाही.

मालवी मिरची
अरे. चपलांचं वाचून थांबलेच. ताई कशी आहे आता?

नुसता पाहुणा
मजेत आहे. तिच्या घरी चपला बाहेरच ठेवतात 🙂

पलासियाचा पप्पू
जिरावण घरी करता की विकतचं? घरचं असेल तर प्रमाण टाका.

दुसरी घंटी
मी सावत्र आई आहे, म्हणून लिहून राहिले. लग्न झालं तेव्हा मुलगा सहा वर्षांचा, त्याला कोणीतरी हिमगौरीची गोष्ट सांगून ठेवलेली, महिनाभर सफरचंद माझ्याकडून घेतलं नाही त्याने. चिरून, अर्धं आधी स्वतः खाऊन दाखवायचे. मग मी चिडून जरा शोधलं तर काय, ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत ती राणी सख्खी आई आहे! १८१९ ला सावत्र केली. जंगलात सोडून दिलेल्या हॅन्सेल-ग्रेटेलचीही आईच होती, ती १८४० च्या आवृत्तीत सावत्र झाली. सख्ख्या आईचं नाव खराब नको म्हणून भुर्दंड आम्हाला. मुलगा आता वीसचा आहे, अजून सफरचंद मीच चिरायचं, सवय लागलीय म्हणतो.

अर्धवट वाचक
१८८२ ची ल्यूसी क्लिफर्डची एक इंग्रजी गोष्ट आहे, पोरी ऐकत नाहीत म्हणून सख्खी आई बाळाला घेऊन निघून जाते आणि नवी आई येते, काचेचे डोळे आणि लाकडी शेपूट. शेपूट फरशीवर घासत येते तो आवाज. रात्री वाचू नका.

बडोदेकर बेबी
मी बडोद्याची, चालेल न? आम्हाला बालवाडीत ती लांडगा आणि सात करडांची गोष्ट, लांडगा आवाज मऊ करायला खडू खातो आणि पंजाला पीठ लावून दाराशी येतो, मी तुमची आई. मी हुशार, संध्याकाळी आईने दार वाजवलं तर आतून ओरडले आधी हात दाखव खिडकीतून. ती शेजारी काकूंकडे पापड लाटायला गेलेली, दोन्ही हात पीठच पीठ! कडी काढलीच नाही मी. बाबा येईस्तोवर बिचारी ओट्यावर बसून.

बाळ्या जेलरोड
मग बाबांचे हात चेक केले का 😂

बडोदेकर बेबी
बाबा बँकेत, शाई होती. पास.

ओटल्यावरची
पप्पू, जिरावण सासूबाई करतात, विचारून टाकते. इकडे नवीनच, पोरीने बटणांचा डबा कुठेतरी लपवलाय आणि सांगत नाही. उद्या शाळा, युनिफॉर्मच्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय.

सुई दोरा
सेफ्टी पिन लाव. पण तिच्यासमोर सुई काढू नको.