देगाच्या नर्तकी: कष्टाचं चित्र की वर्गणीदाराची नजर?

नीलाक्षरी
पॅरिसच्या म्युझे दॉर्से या संग्रहालयात एदगार देगा या फ्रेंच चित्रकाराचं 'नृत्यवर्ग' हे तैलचित्र आहे. १८७३ ते ७६ या काळातलं, साधारण ८५ बाय ७५ सेंटिमीटरचं. कॅलेंडरांवर, बिस्किटांच्या डब्यांवर हे 'नाजूक बॅले' म्हणून छापलेलं पाहिलं की मला राग येतो. नीट बघा ना! डावीकडे पियानोवर बसलेली मुलगी चक्क पाठ खाजवतेय. पुढे एक छोटा कुत्रा, शेजारी फळ्यांवर पाणी शिंपडायची झारी. मागे मुलींच्या आया ताटकळल्यात. मधोमध म्हातारे गुरुजी ज्यूल पेरो काठी टेकून उभे, आणि त्यांच्याकडे फारसं कुणाचं लक्षच नाही. नाचामागच्या कष्टांचं इतकं खरं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

उत्तररंग
सहमत नाही. त्या काळी पॅरिस ऑपेराच्या (हे बॅले तिथेच व्हायचे) बड्या वर्गणीदारांना रंगमंचामागे जायची मुभा होती. मुली बहुतेक गरीब घरच्या. लहानग्यांना तर 'उंदीर' म्हणत. काळ्या कोटातले हे शौकीन त्यांचे 'आश्रयदाते' व्हायचे, आणि त्यात काय काय यायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. तुमच्या 'खऱ्या' चित्रात ते गृहस्थ आहेत कुठे? आया मात्र दिसतात.

नीलाक्षरी
या चित्रात नाहीत, पण देगाने ते लपवलेले नाहीत. १८७६ च्या सुमाराचं त्याचं 'तारका' हे पेस्टल बघा. पुढे नर्तकी प्रकाशात झुकलीय आणि मागे पडद्याआड काळ्या सुटातला माणूस उभा आहे. त्याचा चेहरा झाकलेला आहे, धड तेवढं दिसतं. एवढं स्पष्ट त्या काळी कोण दाखवत होतं?

कोरा कागद
एक मुद्दा दोघांकडूनही सुटतोय. 'नृत्यवर्ग' हे डोळ्यांसमोर घडलेलं दृश्य नाहीच. याचं जोडचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, १८७४ चं. जाँ-बातिस्त फोर या ऑपेरा गायकाने ते सांगून काढून घेतलं. त्यातली तालीमखोली ज्या जुन्या ऑपेरागृहातली, ते ऑक्टोबर १८७३ मध्येच जळून गेलं होतं! मुली स्टुडिओत येऊन बसायच्या, त्यांची रेखाटनं करून देगाने चित्र जुळवलं. मी स्वतः रंगवतो, म्हणून मला सगळ्यात मोलाची वाटते ती दॉर्सेच्या चित्रातली मोकळी जमीन. फळ्यांच्या तिरक्या रेषा नजरेला थेट मागच्या भिंतीपर्यंत ओढत नेतात. एवढी जागा रिकामी सोडायला छाती लागते.

उत्तररंग
म्हणजे माझाच मुद्दा पक्का झाला. जुळवलेलं चित्र असेल तर कोण ठेवायचं, कोण गाळायचं हे त्यानेच ठरवलं. आणि मारी व्हान गोथेमचं काय? देगाच्या 'चौदा वर्षांची छोटी नर्तकी' या मेणाच्या पुतळ्यासाठी ती उभी राहिली. १८८१ च्या प्रदर्शनात टीकाकारांनी त्या पोरीच्या चेहऱ्यावर नाही नाही ते लिहिलं. पुढच्याच वर्षी ऑपेराने तिला काढून टाकलं. आई धुणं धुणारी. पुतळा आज जगभर पोहोचलाय.

घुंगरू_सोळा
मी सोळा वर्षं कथक करतेय, म्हणून राहवलं नाही. तालमीत घामाने पाठ खाजते, चोळी टोचते, आणि गुरुजी दुसरीला समजावत असले की तेवढ्यात हात मागे जातो. मंचावर हे कधी कुणाला दिसत नाही. देगाला दिसलं. त्याच्या मनात दया होती की नव्हती, मला नाही सांगता येणार, पण तो थांबून बघत होता. माझ्यासाठी ते फार आहे.

उत्तररंग
तुमचं म्हणणं मनाला लागलं. तरी एक विचारतो. गुरुजींचं नाव आपल्याला माहीत आहे, 'जिझेल' या गाजलेल्या बॅलेच्या नृत्यरचनेत त्यांचा हात होता हेही माहीत आहे. पाठ खाजवणारीचं नाव?

नीलाक्षरी
नाही माहीत. हे मला आधी सुचायला हवं होतं. चित्राबद्दलचं मत बदलत नाही, पण त्याखालच्या पाटीवर तुमचा हा प्रश्न असायला हवा, हे मान्य.