नायगारावर दोरीवरून चालणारे खरंच धबधब्यावरून गेले काय?

रंकाळाकाठ: काल रंकाळ्यावर डोंबाऱ्याची पोरगी बघितली, डोक्यावर तीन तांबे, पायाखाली ताटली सरकवत दोरीवरनं चाललेली, तवा नायगारावाला ब्लाँडिन आठवला. हातात ती लांब काठी कशाला धरत्यात?

तांबडापांढरा: भावा, काठी लांब असली की अंग हळू कलतं, सावरायला टाइम मिळतो. ब्लाँडिन १८५९ ला गेला पण ऐन धबधब्यावरून न्हवं, खालच्या घळीवरून, आणि नंतर तर मॅनेजरलाच पाठीवर घेऊन गेला (त्या मॅनेजरचं काळीज बघा की!)

मिसळकट: ऐन धबधब्यावरून गेला निक वॉलेंडा, २०१२ ला. पण टीव्हीवाल्यांनी सेफ्टीचा पट्टा बांधायला लावला. पलीकडं कॅनडात उतरल्यावर गड्यानं पासपोर्टबी दाखवला.

रंकाळाकाठ: नाद खुळा! आमच्या पोरीला कुठला पट्टा, खाली नुसतं डांबर