इंदूर: पोळ्या करणाऱ्या मावशींना सरकारी फ्लॅट घ्यावा का?

रामबागकर:
आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी विधवा, मुलगा रिक्षा चालवतो. नंदलालपुऱ्यातली भाड्याची खोली सोडायचीय. पंतप्रधान आवासमध्ये अर्ज करू म्हणतात. बरं पडेल का? कागद कोणते?

जुना_इंदुरी:
जरूर करा. घरच्यांचं मिळून वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं आणि देशात कुठेही कोणाच्या नावे पक्कं घर नको. आधार, बँक पासबुक, उत्पन्नाचा दाखला लागेल. समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक) आधी तपासा, आमच्याकडे नाव एक अक्षर चुकलं म्हणून फाइल अडकली होती. घर बाईच्या नावे किंवा तिच्यासह जोडनावे होतं, हे मला या योजनेतलं सगळ्यात आवडतं.

रामबागकर:
कनाडियाकडचे ते लाइट हाउसवाले, म्हणजे नव्या तंत्राने बांधलेले सरकारी फ्लॅट कसे आहेत हो? भिंती पोकळ वाजतात म्हणे!

साइटवरचा:
पोकळ नाहीत, सँडविच पॅनल आहेत, म्हणजे दोन पातळ थरांमध्ये हलका भराव. कारखान्यात तयार होऊन येतात आणि साइटवर उभ्या करतात. २०२१ मध्ये देशातल्या ६ शहरांत लाइट हाउसचं काम सुरू झालं, प्रत्येक ठिकाणी वेगळ्या तंत्राने, आपल्याकडे १०२४ घरं. फक्त खिळा ठोकताना विचारून ठोका.
पण घरापेक्षा जागा बघा हो. मावशींची कामं सगळी शहराच्या मध्यात, राजवाड्याच्या आसपास. तिकडून रोज सकाळी सहाला कशा येणार? मुलाची रिक्षा आहे म्हणून जमेल, नाहीतर भाडं वाचेल आणि येण्याजाण्यात जाईल.

जुना_इंदुरी:
आणि देखभालीचा महिन्याचा खर्च आधी विचारून घ्या. लिफ्ट बंद पडली की आठवा मजला गुडघ्यांना कळतो.