मालिकेतलं फौजी आयुष्य कितपत खरं असतं?

मेघा_लालबाग
माझा भाचा बारावीला आहे. रात्री घरी फौजींवरची एक मालिका लागते, ती बघून त्याने अग्निवीर भरतीचं मनावर घेतलंय. माझ्या बहिणीच्या पोटात गोळा आलाय. इथे कुणी सैन्यात होतं का? मालिकेत दाखवतात तसंच असतं का सगळं?

हवालदार_भांडुप
ताई, मी 1994 ते 2018 मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. बेळगावला ट्रेनिंग, हवालदार म्हणून पेन्शनीवर आलो.

आधी डोळ्यांत खुपतो तो सॅल्यूट. डोक्यावर टोपी नाही आणि हिरो खाडकन सॅल्यूट ठोकतो. आमच्याकडे उघड्या डोक्याने सॅल्यूट करत नाहीत, नुसतं सावधान व्हायचं. एका मालिकेत 1999 चं कारगिल चालू होतं आणि जवानांच्या अंगावर 2022 च्या आर्मी डे परेडला पहिल्यांदा दिसलेला नवा गणवेश! कारगिलच्या वेळी माझी नोकरी पाच वर्षांची होती, आम्ही काय घालायचो ते मी विसरेन का? पण हे एक वेळ सोडा.

मालिकेतल्या चौकीवर सारखा गोळीबार नाहीतर भाषण. खऱ्या चौकीवर वाट बघायची असते. उजाडताना आणि अंधार पडताना ‘स्टँड टू’, म्हणजे प्रत्येकजण हत्यार घेऊन आपापल्या मोर्च्यात, म्हणजे लढायच्या जागेवर. ग्लेशियरवर आमच्या आसऱ्यात केरोसीनची बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी, पेटलेली असायची. काजळी इतकी, की सकाळी थुंकलं तर थुंकी काळी. ओले मोजे जर्सीच्या आत पोटाशी घेऊन झोपायचो, कारण बर्फाने पायाची बोटं काळी पडली की माणूस कामातून गेला. हातमोजा काढून रायफलच्या लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटायची. महिनोन् महिने हेच, एकही गोळी न झाडता. यातलं टीव्हीवर मला कधी काही दिसलं नाही.

गोरेगावचा_एडी
काका, मी मालिकांवर असिस्टंट डायरेक्टर आहे. तुमचं बरोबर आहे. रोज एक एपिसोड द्यायचा, आधी शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक हातात नसते. ड्रेसवाला पाठवेल तो गणवेश चढवून शॉट लावतो. टोपीने चेहऱ्यावर सावली पडते, म्हणून ती काढायला सांगतात.

हवालदार_भांडुप
सावलीचं समजलं बाळा. पण सुभेदार साहेबांना तुम्ही हसवायला ठेवता, त्याचं फार वाईट वाटतं. आमच्याकडे हुद्द्याने वरचा असलेला नवा लेफ्टनंटसुद्धा त्यांना आधी ‘राम राम साहेब’ म्हणायचा. एकदा वर चौकीवर असताना एका पोराचे वडील गेल्याचा निरोप वायरलेस सेटवर आला. हवा खराब, हेलिकॉप्टर येईना. सुभेदार साहेब तीन रात्री त्याच्या शेजारी झोपले. त्याची पहाऱ्याची पाळी आली की तेही उठून बाहेर उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत. चौथ्या दिवशी हवा उघडली, तेव्हा त्याचा पिठ्ठू, म्हणजे पाठीवरची पिशवी, त्यांनी स्वतः बांधला आणि वरच्या कप्प्यात शेंगदाणे-गूळ घातला. हे दाखवायला कितीसा खर्च येतो?

1989 ला दूरदर्शनवर ‘फौजी’ लागायची तेव्हा मी शाळेत होतो. ती करणारे कर्नल राज कपूर स्वतः सैन्यातले, म्हणून त्यात ट्रेनिंगचा घाम दिसायचा. तुमच्या सेटवर एक पेन्शनर हवालदार बसवून बघा. मुंबईत आम्ही पुष्कळ आहोत, बोलावलं तर येऊ.

गोरेगावचा_एडी
शेंगदाणे-गुळाचं आमच्या लेखकाला सांगतो. टोपीसाठी उद्याच भांडतो.

मेघा_लालबाग
भाच्याला सगळं वाचून दाखवलं. तो विचारतोय, मोजे खरंच पोटाशी?

हवालदार_भांडुप
खरंच. त्याला म्हणावं, रात्री दहाला झोप. भरतीला 1.6 किलोमीटर धावावं लागतं आणि तिथे सेकंद मोजतात. रविवारी पहाटे साडेपाचला मी इथल्या चार पोरांना पळवतो, त्यालाही पाठवा. त्याच्या आईलाही सोबत घेऊन या. तिला जे विचारायचंय ते समोर बसून विचारू दे.