गृहकर्ज: बिल्डरच्या एजंटमार्फत की थेट बँकेतून?

धायरीकर:
धायरीत बांधकाम चालू असलेला टू बीएचके घेत आहे. करारनाम्याची किंमत ६५ लाख. ५० लाख कर्ज हवं आहे, मुदत २० वर्षं. एका सरकारी बँकेने ८ टक्के दर सांगितला आहे, एका हाउसिंग फायनान्स कंपनीने ७.७५. बिल्डरच्या ऑफिसात बसणारा एजंट म्हणतो, "तीन ठिकाणी फाइल टाकू, जे आधी मंजूर करतील ते घ्या, माझी फी काही नाही." त्याच्यामार्फत जावं का? आणि पाव टक्का कमी आहे म्हणून कंपनी निवडावी का?

सूचीदोन:
आधी एजंटचं बोलू. तो 'डीएसए' असणार, म्हणजे कर्ज देणाऱ्या संस्थेने नेमलेला माणूस. तुमच्याकडून फी घेत नाही हे खरं, कारण वाटप झालेल्या रकमेवर त्याला कमिशन संस्थाच देते. ते प्रत्येक संस्थेत सारखं नसतं, म्हणून तो ज्या बँकेचं नाव पुढे करतो ती तुमच्यासाठी सगळ्यात स्वस्त असेलच असं नाही. त्याच्याशी टाय-अप नसलेल्या बँकेचं नाव तो काढणारही नाही.

तरी त्याचा उपयोग आहे. कागद गोळा करणं, फाइल लॉगिन करणं (बँकेत अर्ज दाखल करणं), व्हॅल्युएशनवाल्याला (घराची किंमत ठरवणाऱ्याला) साइटवर नेणं, बिल्डरकडून डिमांड लेटर (पैसे मागणारं पत्र) आणि एनओसी (ना हरकत पत्र) वेळेत मिळवणं ही कामं तो चांगली करतो. बँक तुम्ही ठरवा आणि पळापळ त्याला करू द्या.

तीन ठिकाणी एकदम फाइल टाकायला मात्र ठाम नकार द्या. प्रत्येक लॉगिनला सिबिलवर (लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी संस्था) चौकशीची नोंद पडते. थोड्या दिवसांत अशा तीन-चार नोंदी दिसल्या की क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारे गुण) उतरू शकतो आणि पुढची बँक विचारते, "आधीच्यांनी का नाकारलं?" शिवाय काही ठिकाणी लॉगिन फी परत मिळत नाही. आधी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. बंद केलेलं क्रेडिट कार्ड किंवा फेडलेलं कर्ज अजून चालू दिसत असेल तर आधी दुरुस्त करून घ्या आणि मग एकाच ठिकाणी, फार तर दोन ठिकाणी अर्ज करा.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, ओटीपी देऊ नका. "पगार जरा वाढवून दाखवू" म्हणणाऱ्या एजंटकडे परत जाऊच नका. बँक स्टेटमेंटमध्ये फेरफार सापडला तर अर्जदार तुम्ही आहात, एजंट नाही. कागदपत्रांच्या झेरॉक्सवर 'फक्त अमुक बँकेच्या गृहकर्जासाठी' आणि तारीख लिहून सही करा.

मुद्दल_आधी:
दराबद्दल. ५० लाखांना २० वर्षांसाठी ८ टक्क्यांनी हप्ता ४१,८२२ रुपये, ७.७५ ने ४१,०४७. म्हणजे आज महिन्याला ७७५ रुपयांचा फरक. पण दोन्हीकडे दर हलण्याची रीत वेगळी आहे, आणि २० वर्षांत तीच जास्त महत्त्वाची ठरते.

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या बेंचमार्कला (बँकेने स्वतः न ठरवलेल्या दराला) जोडावी लागतात. बहुतेक बँकांनी रेपो रेट (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) घेतला आहे. रेपो अधिक स्प्रेड (बँक त्यावर लावते तो जादा भाग) म्हणजे तुमचा दर, आणि तो किमान तीन महिन्यांतून एकदा रीसेट करावाच लागतो. स्प्रेडमधला जोखमीचा भाग तुमची पत लक्षणीय बदलल्याशिवाय बँक वाढवू शकत नाही. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला, तेव्हा रेपोला जोडलेली जुनी कर्जं आपोआप खाली आली. रेपो चढला की तशीच वरही जातात.

हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हा नियम लागू नाही. त्या स्वतःच्या पीएलआरवर (कंपनीने स्वतः ठरवलेल्या मूळ दरावर) चालतात. पीएलआर कधी आणि किती कमी करायचा हे कंपनी ठरवते. नव्या गिऱ्हाइकाला जास्त सूट देऊन ७.७५ दाखवायचं आणि जुन्याचं कर्ज वरच्या दरावर राहू द्यायचं, हे नेहमी दिसतं. दर खाली आणायला मग कन्व्हर्जन फी मागतात. पगारदार असाल, स्कोअर चांगला असेल आणि कागद साफ असतील तर माझ्या मते रेपोला जोडलेली बँकच घ्या. धंद्याचं उत्पन्न आहे किंवा पगाराचा काही भाग रोख मिळतो म्हणून बँक नाही म्हणते, तिथे हाउसिंग फायनान्स कंपनी कामाला येते.

दोघांकडूनही केएफएस (कर्जाच्या अटी आणि खर्चाचं पत्रक) मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांना हे पत्रक देणं बंधनकारक आहे. त्यात व्याजाबरोबर प्रोसेसिंग, लीगल, व्हॅल्युएशन, विमा धरून एपीआर, म्हणजे वर्षाचा एकूण दर, दिलेला असतो. तुलना त्या आकड्याची करा. पत्रक हातात आल्यावर विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात, म्हणून "आजच सही करा" याला घाबरायचं कारण नाही. त्यात न लिहिलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

धायरीकर:
कंपनीवाला म्हणतो दीड लाखाचा एकरकमी विमा घ्यावाच लागेल, तो कर्जातच घालू. हे सक्तीचं आहे का?

मुद्दल_आधी:
नाही. त्यांना ते लेखी मागा, लेखी देत नाहीत. दीड लाख कर्जात घातले तर ७.७५ ने महिन्याला साधारण १,२३१ रुपये, २० वर्षांत २ लाख ९५ हजार. म्हणजे वरचा ७७५ रुपयांचा फायदा इथेच संपला. आयुर्विमा जरूर घ्या, पण ५० लाखांचा साधा टर्म प्लॅन (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा विमा) वेगळा. कर्ज दुसरीकडे नेलं तरी तो तुमच्याकडेच राहतो.

सूचीदोन:
एक गोष्ट सगळे शेवटी बघतात: स्वतःचे पैसे किती लागतील. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळतं, म्हणजे तुम्हाला जास्तीत जास्त ५२ लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. पुणे महापालिका हद्दीत ७ टक्क्यांनी ४ लाख ५५ हजार (घर फक्त बाईच्या नावावर असेल तर ६ टक्के), नोंदणी ३० हजार, बांधकाम चालू असल्याने ५ टक्के जीएसटी म्हणजे ३ लाख २५ हजार. वर तुमचे १५ लाख. एकूण २३ लाख १० हजार हाताशी हवेत. कर्जाच्या गहाणखतावरचं मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशनचा (गहाणाची नोंदणी कार्यालयाला द्यायची सूचना) खर्च वेगळा. ती नोटीस ३० दिवसांत दाखल करायची असते, एजंटने केली का ते पावती बघून खात्री करा.

आणखी एक. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने बिल्डरला जाणाऱ्या प्रत्येक हप्त्यावर १ टक्का टीडीएस (बिल्डरच्या रकमेतून कापून सरकारला द्यायचा कर) तुम्ही भरायचा, बँक देते त्या रकमेवरसुद्धा. हे राहून गेलं तर व्याज आणि लेट फी तुमच्या माथी येते.

धायरीकर:
प्रकल्प 'अप्रूव्ह्ड' आहे असं एजंट म्हणतो. मग लीगल तपासणी वेगळी करायची गरज आहे?

सूचीदोन:
हो, आहे. बँकेचं अप्रूव्हल बँकेसाठी असतं. पण ज्या प्रकल्पाला एकही सरकारी बँक कर्ज देत नाही, फक्त एखादी कंपनीच देते, तिथे कारण शोधा. बहुतेक वेळा टायटल (जमिनीची मालकी) किंवा मंजूर नकाशात काहीतरी अडलेलं असतं. महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून कमेन्समेंट सर्टिफिकेट (बांधकाम सुरू करायचा परवाना) किती मजल्यांपर्यंत आहे ते बघा. तुमचा मजला त्याच्या वर असेल तर करारनामा करू नका. आणि नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, म्हणून कर्ज मंजूर व्हायच्या आधी मोठा चेक देऊ नका.