लिलावात काय मांडावे?
सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्याच्या निधीसाठी परदेशी प्राणिसंग्रहालयांप्रमाणे सांगलीत भोजन आणि लिलावाची संध्याकाळ भरवावी, अशी सूचना पुढे आली आहे आणि ती मला पटते. मात्र लिलावात काय मांडायचे, हे आधी ठरवावे. कुणी हौसेने जुन्या वाड्यातील वाघाची नखे किंवा सांबराची शिंगे देऊ करील, परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ती विकता येणार नाहीत. चित्रे आणि छायाचित्रे चालतील, आणि हळद-बेदाण्याच्या सौद्यांत मुरलेल्या आपल्या गावात बोली लावणारे कमी पडणार नाहीत. तरीही पंगतीचा खर्च वजा जाता फारसे उरणार नसेल, तर म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयाप्रमाणे वार्षिक प्राणी-दत्तक योजनेची (म्हणजे देणगीदाराने एखाद्या प्राण्याचा वर्षभराचा खर्च उचलण्याची) नोंदणीच, वन विभागाची संमती घेऊन, त्या संध्याकाळी करावी.