प्लेटलेटची पिशवी पिवळी कशी? आणि 31 हजारांवर थांबायचं का?

पिंपळगावचा_बागायतदार:
वडिलांना डेंग्यू निघालाय. मुंबई नाक्याजवळ एका हॉस्पिटलात आहेत, आज सहावा दिवस. ताप काल उतरला, पण सकाळच्या रिपोर्टात प्लेटलेट 31 हजार. गावाकडून फोनवर फोन, "चढवून टाका." डॉक्टर म्हणतात थांबू. शेजारच्या पेशंटला काल चढवल्या, तर पिशवीत पिवळसर पाणी! रक्ताच्या नावाने लाल थेंब नाही. हे काय असतं? बागेची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय, दादा सलाइन लावलेल्या हातानेच मजुरांना फोन लावतात.

सिडकोवाली_ताई:
पपईच्या पानांचा रस द्या. आमच्या मामांच्या दोन दिवसांत 20 वरून 90 हजार झाल्या.

जांभळी_ट्यूब:
रक्तपेढीत 27 वर्षं टेक्निशियन होतो, आता पंचवटीत घरी बसलोय, म्हणून लांबड लावतो.

रक्ताची पिशवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की जड लाल पेशी तळाला बसतात. त्यांच्यावर पांढऱ्या पेशींचा साईसारखा पातळ थर आणि वर पिवळा प्लाझ्मा. निम्म्याहून जास्त रक्त म्हणजे हा प्लाझ्माच. प्लेटलेट त्याच्यातच ठेवतात, म्हणून पिशवी पिवळी.

लाल पेशी ऑक्सिजन वाहतात, साधारण 120 दिवस टिकतात. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. डेंग्यूत त्याही कमी होतात, रिपोर्टात दिसेल. प्लेटलेट म्हणजे अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे तुटलेले तुकडे. रक्तवाहिनीला भोक पडलं की तिथे चिकटून बूच लावतात. आयुष्य जेमतेम 8 ते 10 दिवस.

लाल पेशी फ्रिजमध्ये महिनाभर राहतात. प्लेटलेटला थंडी चालत नाही. 20 ते 24 अंशांत, हलत्या फळीवर, रात्रंदिवस. तरी 5 दिवसांत संपवायच्या. रात्रपाळीत त्या फळीची खरखर ऐकतच चहा प्यायचो. पिशवी उजेडासमोर धरून हळू हलवली की आत रेशमी चमक फिरते. ती दिसली की पेशी चांगल्या. चमक गेलेली पिशवी मी कधी बाहेर जाऊ दिली नाही.

आता तुमचं. रक्तस्राव नसेल तर 31 हजारांना सहसा चढवत नाहीत, 10 हजारांच्या खाली गेल्यावर विचार होतो. डॉक्टर बरोबर थांबलेत. डेंग्यूत खरी भीती प्लाझ्मा वाहिन्यांतून पाझरण्याची, आणि तीही ताप उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत. म्हणून रिपोर्टात एचसीटी, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के, ते बघा. पाणी निघून गेलं की रक्त दाट होतं आणि तो आकडा चढतो. 39 चा 47 झाला तर धावपळ करायची.

ताई, सातव्या-आठव्या दिवसापासून प्लेटलेट बहुतेकांच्या आपोआप वाढतात. श्रेय पपई घेऊन जाते.

सिडकोवाली_ताई:
घेऊ दे की, कडू रस पिऊन मामांनी कमावलंय ते 😄

पिंपळगावचा_बागायतदार:
एचसीटी काल 40, आज 41. हिरड्यांतून रक्त वगैरे नाही. पण दुपारी दुसऱ्या लॅबने एकदम 14 हजार दाखवल्या, हात थरथरतायत माझे.

जांभळी_ट्यूब:
आधी डॉक्टरांना दाखवा. आणि विचारा, स्लाइड बघितली का, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली? जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये कधीकधी प्लेटलेटचे गठ्ठे होतात, मशीनला ते मोजता येत नाहीत आणि आकडा खोटाच खाली येतो. खरंच पडल्या असतील तेही स्लाइडवर कळेल. अंग दुखलं तरी अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन अजिबात नको. लघवी होतेय ना नीट? पोटात फार दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, तर रात्र असो की पहाट, नर्सला उठवा.

पिंपळगावचा_बागायतदार:
काका, स्लाइड बघितली. गठ्ठेच होते. हाताने मोजल्या, 34 हजार. लघवी नीट होतेय. दादांचा फोन मात्र आता काढून घेतलाय.